कळ, मुंग्या आणि बधिरपणा

मंडळी, आपल्या दांडी गावात संध्याकाळी चार बाया ओट्यावर बसल्या, की बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी ते कमरेवर येतं. "उठताना कळ येते." "रात्री पायाला मुंग्या येतात." "चप्पल पायातून निसटते, कळत पण नाही." पुरुषांचं तेच. डोल ओढून ओढून खांदे धरलेले असतात. चिंचणी-तारापूरकडे घरोघर डायमेकर आहेत. त्यांची मान दिवसभर पोलादाच्या तुकड्यावर वाकलेली असते. एम.आय.डी.सी.त पाळीवर जाणारा पोरगा आठ-आठ तास उभा असतो. प्रत्येकाला कुठंतरी दुखतं. आणि प्रत्येकजण एकच विचारतो, "गुरुजी, यावर गोळी कोणती?"

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. पण या दुखण्याची शाळा मी स्वतः शिकलो आहे, आणि तिची फीही भरपूर भरली आहे. म्हणून हा धडा लिहितो.

निवृत्त झाल्यावर एकदा तांदळाचं पोतं उचलताना माझ्या कमरेत चमक भरली. दोन दिवसांनी कळ ढुंगणातून मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरली. जणू कोणी तापलेली तार ओढत होतं. मी महिनाभर पडून राहिलो. मग दुकानातून दुखण्याची गोळी आणली. एक घेतली की बरं वाटे. मग दोन लागू लागल्या. चार महिने असे गेले. एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. उठलो आणि भोवळ येऊन पडलो. दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. कंबर दुखत होती, आणि मरायला टेकलो होतो पोटानं!

या गोळ्या किती जोरकस असतात ते गिधाडांना विचारा. पण विचारणार कुठे? गिधाडं उरलीतच किती! पूर्वी मेलेलं ढोर माळावर टाकलं, की घटकाभरात गिधाडं उतरत. मग गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्याचं औषध टोचू लागले. ते औषध अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडे. अशी लाखो गिधाडं मेली. २००६ साली सरकारनं हे औषध गुरांसाठी बंद केलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. डॉक्टरांनी पाच-सात दिवस दिलं तर माणसाला ते चालतं, उपयोगही होतो. पण महिनोन्‌महिने आपल्या मनानं घेतलं तर पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका असतो. ज्याला रक्तदाब आहे, साखर आहे, वय झालं आहे, त्याला जास्तच. आणि कोणी नाव नसलेली पुडी देऊन "दोन दिवसांत उठून पळाल" म्हणाला, तर ती घेऊ नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉईड मिसळलेलं असतं. आधी चेहरा गुबगुबीत होतो आणि माणसाला वाटतं तब्येत सुधारली. पुढे हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

आता दुखतं म्हणजे काय होतं, ते पाहू.

आपण सगळ्यालाच 'नस' किंवा 'शीर' म्हणतो. पण अंगात दोन तऱ्हेच्या नसा आहेत. एक रक्ताची. दुसरी जाणिवेची, तिला पुस्तकात मज्जातंतू म्हणतात. ही दुसरी नस विजेच्या वायरीसारखी असते. पायाला काटा टोचला, ही बातमी ती मेंदूला नेते. पाय उचल, हा हुकूम मेंदूकडून आणते. वायरीवर जसं वेष्टन असतं, तसं बहुतेक नसांवरही एक वेष्टन असतं.

स्नायू दुखतो तेव्हा ठणकतं. जागा दाबली की दुखतं, शेकलं की बरं वाटतं, विसाव्यानं उतरतं. नस दुखते तेव्हा गोष्ट निराळी. जळजळ होते, सुया टोचतात, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं. दुखणं एका रेषेत धावतं, जसं माझं कमरेतून पोटरीत गेलं. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात. एखादी गादी बाहेर सरकून नसेच्या मुळाला लागते, म्हणून अशी कळ येते. भिऊ नका. बहुतेकांची ही कळ दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरते. चिरफाड थोड्यांनाच लागते.

तिसरी गोष्ट बधिरपणाची. तिथं दुखत नाही म्हणून माणूस निश्चिंत असतो. खरं म्हणजे जास्त भिण्यासारखी तीच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

काहींचं दुखणं वर्षानुवर्षं जात नाही. तपासलं तर फारसं काही सापडत नाही. घरची माणसं म्हणतात, सोंग करते. तसं म्हणू नये. एकदा घरात चोर शिरला, तर कुत्रा पुढे वाऱ्यानं पान हललं तरी भुंकतो. चोर गेलेला असतो, पण कुत्र्याचं भुंकणं खरं असतं. नसांचं तसंच आहे. फार दिवस दुखलं की त्या हळव्या होतात, आणि साध्या हालचालीलाही ओरडतात. कुत्र्याला मारून तो गप्प होत नाही. हळूहळू सवय लावावी लागते. ती सवय म्हणजे व्यायाम.

मी महिनाभर पडून राहिलो, ती माझी पहिली चूक होती. फिनलंड नावाच्या देशात हेलसिंकी शहर आहे. तिथल्या डॉक्टरांनी कंबर धरलेल्या १८६ नोकरदारांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं. दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितलं, जमेल तेवढं रोजचं काम करत राहा. १९९५ साली निकाल छापून आला. रोजचं काम करत राहिले ते सगळ्यांत लवकर बरे झाले. झोपले ते सगळ्यांत मागे राहिले. तेही फक्त दोन दिवस झोपून! मी तर तीस दिवस झोपलो होतो. झोपून स्नायू सुकतात, आणि मग कमरेचा भार गाद्यांवर येतो.

हे झालं नुकत्या धरलेल्या कमरेचं. जुन्या कमरेला व्यायामच लागतो. २०११ साली इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठानं ३१३ माणसं घेऊन पाहिलं. निम्म्यांना बारा आठवडे योगासनं शिकवली. त्यांची हालचाल इतरांपेक्षा चांगली सुधारली. योगासनं आपल्याला परकी नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते आसनांचा शास्त्रानं अभ्यास करण्यासाठीच. पण कमरेतून कळ जात असताना पोरांचं पाहून एकदम सूर्यनमस्कार घालायला जाऊ नये. पुढे वाकलं की सरकलेली गादी आणखी दुखावते.

मी काय केलं ते सांगतो. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी फक्त चालायला सांगितलं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मी ओहोटीला किनाऱ्यावर जात असे. ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. कोरड्या वाळूत चालू नका, पोटरी भरून येते. आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवली. मग पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला शिकलो. मग उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर जमिनीवरून उचलायची. दहापर्यंत मोजायचं आणि खाली ठेवायची. माझं आधी तीनपर्यंतच मोजून होई.

व्यायामानं थोडं दुखतंच. मग किती दुखलं तर चालेल? बाईंनी दोन खुणा सांगितल्या. पहिली अशी की, आज केलेल्या व्यायामाचं दुखणं उद्या सकाळपर्यंत उतरलं तर माप बरोबर. नाही उतरलं तर उद्या निम्मं करा, पण बंद करू नका. दुसरी खूण मला फार उपयोगी पडली. पायातली कळ वर सरकून कमरेत आली, तर समजा की नस मोकळी होत आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कळ खाली पावलाकडे गेली, तर तो व्यायाम थांबवा. माझी कळ पोटरीतून मांडीत यायला सात आठवडे लागले. ज्या दिवशी ती नुसती कमरेत राहिली, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो. "कंबर दुखते, कंबर दुखते!" लोकांना वाटलं गुरुजींचं डोकं फिरलं.

बायांनो, मासळीच्या पाटीबद्दल एक शब्द. डोक्यावरच्या भारापेक्षा तो उचलताना आणि उतरवताना कंबर जास्त दुखावते. भार अंगाशी धरा, गुडघ्यात वाका, आणि उचलता-उचलता कमरेत वळू नका. चुंबळ जाड ठेवा. पाटी द्यायला-घ्यायला दुसरी बाई असू द्या. एका खेपेऐवजी दोन खेपा करता आल्या तर करा. बोईसरला जायचं म्हणजे एका खेपेचं रिक्षाभाडं वाचतं, हे मला ठाऊक आहे. पण कंबर गेली तर बाजारच बंद होतो. वलांडीवर बोंबील घालताना सारखे हात वर लागतात. अर्ध्या तासानं हात खाली सोडून खांदे फिरवा. सोलायला-निवडायला बसता तेव्हा पाट घ्या, आणि तासाला एकदा उठून पाणी प्या. डायमेकरांनीही तेच करावं. शक्य तर काम उंचावर घ्यावं, मान खाली घालू नये.

आता खाण्याकडे वळू. खाण्याचा आणि नसांचा संबंध कसा कळला, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

जावा बेटावर तेव्हा डच लोकांचं राज्य होतं. तिथं बेरीबेरी नावाचा रोग फार होता. पाय बधिर होत, लुळे पडत, आणि माणूस मरे. आईकमान नावाचे डच डॉक्टर त्याचं कारण शोधत होते. त्यांनी दवाखान्यात कोंबड्या पाळल्या होत्या. एकाएकी कोंबड्या लडखडू लागल्या, पाय लुळे पडले. मग काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना दवाखान्याच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. मग नवा आचारी आला. त्यानं सरकारी भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा असलेल्या तांदळावर आल्या आणि उठून चालू लागल्या! मग जावातल्या सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी झाली. जिथं पांढरा तांदूळ, तिथं बेरीबेरी भरपूर. जिथं कोंड्याचा तांदूळ, तिथं जवळजवळ नाही. कोंड्यात जो पदार्थ होता त्याला पुढे जीवनसत्त्व बी-१ म्हणू लागले. १९२९ साली आईकमान यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या आचाऱ्याला कोणी पारितोषिक दिल्याचं ऐकलं नाही.

आपण भात खाणारी माणसं. पूर्वी उखळात सडलेला तांदूळ खात होतो, आता गिरणीचा पांढरा खातो. वर तो चार-चार पाण्यांनी धुतो आणि पेज ओतून देतो. हातसडीचा किंवा उकडा तांदूळ मिळाला तर घ्यावा. भात उकडताना कोंड्यातलं सत्त्व दाण्यात मुरतं. पेज टाकू नये. सोबत डाळ, कडधान्य असावं. आणि दारू पिणाऱ्याला तर नुसत्या तांदळाचा दोष देऊन चालणार नाही. दारूमुळे हेच बी-१ अंगी लागत नाही, आणि दारू स्वतःही नसा जाळते. संध्याकाळी पिऊन "पाय जळतात" म्हणणारे आपल्या आळीत किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

आपल्या किनाऱ्याचं नशीब मोठं आहे. मासळी आणि शिंपल्या-कालवं यांत बी-१२ असतं. नसेवर जे वेष्टन असतं ते नीट ठेवायला हे बी-१२ लागतं. दिवसाला लागतं किती? ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. इतकंसं! पण ते भाजीपाल्यात, धान्यात नसतं. मासळी, अंडी, मटण, दूध-दही यांतच असतं. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी स्वस्त आणि चांगली. लहान मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. नाचणीत ते भरपूर आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्याच तांदळात जेमतेम दहा. खारवलेली मासळी मात्र रक्तदाबवाल्यांनी बेतानंच खावी.

मग वरून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का? ज्याच्यात कमी आहे त्यानं जरूर घ्याव्यात. ज्याच्यात कमी नाही त्याचे पैसे फुकट जातात.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. तिनं वीस वर्षांपूर्वी माळ घातली. मासळी सुटली, अंडं सुटलं. दूध तिला आवडत नाही, चहाही कोरा. बी-१२ चा साठा यकृतात असतो, तो काही वर्षं पुरतो. म्हणून आधी काही कळलं नाही. मग पायाला मुंग्या येऊ लागल्या. मग कापसावर चालल्यासारखं वाटू लागलं. अंधारात तोल जाऊ लागला. आम्ही म्हटलं, म्हातारपण. कोणी म्हटलं, वात. दोन वर्षं तेल चोळण्यात गेली. शेवटी रक्त तपासलं, तर बी-१२ फार कमी. सुया सुरू झाल्या, पुढे गोळ्या. तोल सुधारला, मुंग्या गेल्या. पण बोटांचा बधिरपणा राहिला तो राहिलाच. दोन वर्षं आधी तपासलं असतं तर तोही राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आक्कानं माळ काढली नाही, आणि काढायची गरजही नाही. गोळी घेते, ताक पिते. पण मी शिकलेला भाऊ असून दोन वर्षं तेल चोळत बसलो, हे मला लागून राहिलं आहे.

माळकऱ्यांखेरीज आणखी कोणात बी-१२ कमी होतं? साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत होतं. पित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांतही होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावं.

सत्त्वाची गोळी म्हणजे प्रसाद नव्हे, की कितीही घेतली तरी चालेल. बी-६ पाहा. क्षयाचं औषध घेणाऱ्याला ते नसांच्या रक्षणासाठी देतात, ते घ्यायलाच हवं. पण तेच बी-६ मोठ्या मापानं महिनोन्‌महिने घेतलं, तर नसा उलट खराब होतात आणि पाय बधिर होतात. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी येते. ती सहसा आठवड्याला एक, तीही ठरलेले आठवडे, अशी लिहून देतात. गोड लागते म्हणून रोज घेणारे आहेत. त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंड बिघडतं. होडीवर काम करणाऱ्याला ऊन भरपूर मिळतं, त्याला हे डी सहसा कमी पडत नाही. रात्रपाळीवाल्यांना आणि घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांना कमी पडतं.

आता तो बधिरपणा. आमच्या शेजारच्या वहिनींचे पाय रात्री गार पडत. त्यांनी गरम वाळूची पिशवी पायाशी घेतली. सकाळी पाहतात तर तळव्याला मोठे फोड. भाजलेलं कळलंच नाही! तपासलं तर साखर साडेतीनशे. कधीपासून होती कोण जाणे. जखम भरायला पाच महिने लागले, एक बोट काढावं लागलं. साखरेनं नसा अशा गुपचूप मरतात. म्हणून ज्याचा पाय बधिर आहे त्यानं पाय शेकू नये. अनवाणी वाळूत, खडपात जाऊ नये. रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवावेत. तीस वर्षांवरच्या माणसाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात.

बधिरपणाचं आणखी एक कारण आहे. लोक त्याचं नावही घेत नाहीत. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, आणि तिथं टोचलेलं कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या पालघर जिल्ह्यात आजही नवे रोगी सापडतात. लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं, रोग बरा होतो. उशीर केला तर बोटं वाकडी होतात, ती औषधानं सरळ होत नाहीत.

कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करणारे बाबा आमटे स्वतः पाठीच्या दुखण्याचे मोठे रोगी होते. मणके इतके झिजले होते की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तसेच ते १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण पोरं सायकलींवर, आणि बाबा बसमध्ये आडवे. त्यांचं दुखणं गेलं नव्हतं, दुखण्यासकट ते निघाले होते. माझंही पूर्ण गेलेलं नाही. पावसाळी दिवसांत कंबर आठवण देते. मग मी थोडं कमी चालतो, पण चालतो.

काही खुणांना मात्र व्यायाम नाही, तेल नाही, वाट पाहणं नाही. लघवी किंवा शौच अडलं किंवा कळेनासं झालं, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होऊन पाऊल लोंबू लागलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर क्षय मणक्यातही होतो, तेव्हा तपासून घ्या. छातीतून डाव्या हातात कळ आली तर ती नस म्हणून चोळत बसू नका, ते काळजाचं असू शकतं.

डॉक्टर कधी नसेच्या दुखण्याला अशी गोळी देतात, की जी फिट येणाऱ्याला किंवा मन खचलेल्यालाही देतात. दुकानदार म्हणतो, "ही तर फिटची गोळी." मग माणूस घाबरून टाकून देतो. टाकू नका. तीच गोळी हळव्या नसेला शांत करते. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती एकदम बंदही करायची नसते.

डॉक्टरांकडे जाताना घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून न्या. लाजू नका. आक्काची पिशवी ओतली तेव्हा टेबलावर अकरा पाकिटं निघाली. त्यांतली दोन माझीच होती, मी तिला "माझ्या कमरेला गुण आला" म्हणून दिलेली. डॉक्टरांनी एकेक वाचून बाजूला ठेवलं. शेवटी तीन उरली, ती आक्काच्या हातात दिली.